वादी रमला एक रात्र द्या

जॉर्डनच्या सहलीचा कार्यक्रम पाहिला, तर पेट्राला पूर्ण दिवस, मृत समुद्राकाठी मुक्काम आणि वादी रमच्या नावापुढे ‘दोन तासांची जीप सफारी’ एवढंच दिलेलं असतं. बहुतेक गट भर दुपारी तिथे पोहोचतात. सूर्य डोक्यावर असतो, सावल्या पायाखाली गेलेल्या असतात, लाल डोंगर फिके पडलेले असतात आणि डोळे किलकिले केल्याशिवाय वाळूकडे बघवत नाही. चार ठिकाणी उतरून, फोटो काढून मंडळी अकाबाच्या हॉटेलकडे निघतात आणि डोंगरांना रंग चढायला लागतो तो नेमका त्याच सुमाराला.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: वादी रमला किमान एक रात्र द्या. एक संध्याकाळ आणि एक सकाळ तरी पदरात पडू द्या. दोन रात्री मिळाल्या तर फारच उत्तम, पण एका रात्रीतही पुष्कळ साधतं, वेळ नीट आखली तर.

वादी रम जॉर्डनच्या दक्षिण टोकाला, अकाबा बंदराच्या पूर्वेला, सौदी अरेबियाच्या सीमेलगत आहे. सुमारे 74 हजार हेक्टरचं हे संरक्षित क्षेत्र 2011 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, तेही निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चं चित्रीकरण इथे झालं, 2015 च्या ‘द मार्शियन’मध्ये मंगळाची म्हणून जी जमीन दिसते तीही इथलीच. अम्मानहून डेझर्ट हायवेने यायला चार तास लागतात, पेट्राहून दोन आणि अकाबाहून सुमारे एक. प्रवेशद्वारावरच्या व्हिजिटर सेंटरपाशी तिकीट काढावं लागतं. परदेशी पर्यटकाला ते 5 दिनारला मिळतं आणि ‘जॉर्डन पास’ घेतलेला असेल तर वेगळे पैसे पडत नाहीत. पेट्रा पाहणार असाल तर हा पास घ्याच. पेट्राचं तिकीट त्यात धरलेलं आहे आणि देशात किमान तीन रात्री राहणाऱ्यांना व्हिसाचं शुल्कही माफ होतं. भारतीयांसाठी व्हिसाचे नियम मात्र निघण्यापूर्वी दूतावासाकडून ताजे तपासून घ्या. रोख दिनार अकाबातच काढून ठेवा, पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका.

हंगाम दोन. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री शून्याच्या आसपास उतरतात. गाव समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्येही सूर्य मावळला की तासाभरात जाकीट लागतं. ‘वाळवंटात जायचंय, गरम कपडे कशाला’ म्हणणाऱ्यांची पहिली रात्र फार वाईट जाते. तारीख ठरवताना पंचांगही बघा. आकाशगंगा पाहायची असेल तर अमावास्येच्या आगेमागे जा. पौर्णिमेला तारे कमी दिसतात, पण चांदण्यात वाळूवरून बॅटरी न लावता चालता येतं. दोन्ही रात्री सुंदरच, फक्त आपल्याला काय हवं ते आधी ठरवलेलं बरं.

आता डोंगरांकडे वळू. ते कसे घडले हे थोडंसं माहीत असेल, तर समोर दिसणाऱ्या दृश्याचा अर्थ लागू लागतो. रम गावात उभं राहून पश्चिमेला बघा. समोर जेबेल रम आहे, सतराशे मीटरहून उंच. तळाशी करडा, तुकडे-तुकडे झालेला उतार दिसतो, तो सुमारे 60 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट. त्यावर सरळसोट उठलेली लाल-तपकिरी भिंत वालुकाश्माची, जवळपास 50 कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूची. आणि अगदी माथ्यावर पांढुरके, गोलसर घुमट दिसतात, तोही वालुकाश्मच, पण नंतरचा आणि लोह कमी असलेला. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे इथली वाळू थिजून दगड झाली तेव्हा सह्याद्रीचा पत्ताही नव्हता.

पुढे तांबडा समुद्र आणि मृत समुद्राची खचदरी तयार होताना हा सगळा भाग उचलला गेला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि पाण्याने व वाऱ्याने त्या भेगा रुंदावत नेल्या. म्हणूनच इथले वाळूचे पट्टे रस्त्यांसारखे सरळ जातात आणि डोंगर एकमेकांपासून कापून काढल्यासारखे सुटे उभे राहतात. भिंतींवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतील. पहाटेचं दव दगडात मुरतं, सोबत क्षार नेतं, दिवसा पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक वाढताना दगडाचा कण-कण सुटा करतात. दगडाचं बाहेरचं कवच कडक राहतं आणि आतला भाग भुसभुशीत होत जातो. हे ध्यानात ठेवा, पुढे चढताना उपयोगी पडेल.

पाण्याची गोष्टही या थरांतच आहे. वालुकाश्म पाणी पितो, ग्रॅनाइट पीत नाही. पाऊस वरून झिरपत येतो, ग्रॅनाइटपाशी अडतो आणि त्या सांध्यातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. जेबेल रमच्या अंगावर एका ठरावीक उंचीवर हिरवे ठिपके दिसतात ते याच रेषेवर. गावाजवळच्या ऐन शलालेह झऱ्याला आज ‘लॉरेन्सचा झरा’ म्हणतात. टी. ई. लॉरेन्स 1917 साली अरब बंडखोरांसोबत इथे होता. पण त्याच्या कितीतरी आधी, पेट्रा ज्यांनी कोरलं त्या नबाती लोकांनी इथल्या खडकांवर लेख कोरले आणि डोंगराच्या पायथ्याशी अल्लात देवीचं मंदिर बांधलं. त्याचे अवशेष गावातून चालत जाऊन पाहता येतात. जीपवाले सहसा तिथे थांबत नाहीत, तुम्हाला सांगावं लागतं. याच वालुकाश्माच्या पोटात, दिसी गावाच्या खाली, हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं पाणी साठलेलं आहे. 2013 पासून ते सव्वातीनशे किलोमीटरच्या जलवाहिनीने अम्मानला जातं. ते पुन्हा भरून येणारं पाणी नाही. कॅम्पमध्ये अंघोळ करताना याची आठवण असू द्या.

मुक्कामाची निवड करताना एक गोष्ट नीट विचारून घ्या: कॅम्प संरक्षित क्षेत्राच्या आत आहे की बाहेर? पारदर्शक घुमटाच्या, वातानुकूलित खोल्यांचे बरेचसे झगमगीत कॅम्प बाहेर, दिसीच्या बाजूला आहेत. तिथे सोय चांगली असते, पण दिवे, गाड्या आणि शेजारच्या कॅम्पचं संगीतही सोबत येतं. आतले कॅम्प साधे असतात. शेळीच्या केसांच्या काळ्या कापडाचे तंबू, आत गाद्या आणि जाड ब्लँकेटं, स्वच्छतागृह थोडं लांब, वीज सौरऊर्जेवर. शांतता हवी असेल तर आतलाच घ्या. सोबत गुडघे दुखणारे आई-वडील असतील तर पलंग आहे का, कमोड आहे का, तंबूपासून स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, हे प्रश्न आरक्षणाआधी विचारा. विचारायला संकोच वाटून घेऊ नका. पिकअपच्या मागच्या बाकांवर चढणंही ज्येष्ठांना जड जातं, ड्रायव्हरशेजारची जागा त्यांच्यासाठी ठेवायला सांगा.

वाहन तुमचं चालत नाही. आतल्या वाळूत भाड्याच्या साध्या गाड्या रुततात, त्या गावात ठेवून कॅम्पच्या जीपने जावं लागतं. ड्रायव्हर आणि कॅम्पवाले बहुतेक रम गावातल्या झलाबिया जमातीचे बदू असतात. त्यांच्याशी ठरवताना ‘किती तास’ एवढ्यावर थांबू नका, कोणत्या वेळी कुठे असू तेही ठरवा. माझ्या मते सगळ्यात चांगली आखणी अशी: सकाळी उशिरा किंवा दुपारी बाराच्या सुमाराला गावात पोहोचा. भर उन्हाचा वेळ घळीत, सावलीत काढा. तीननंतर शिलालेख आणि कमानी. शेवटचा दीड तास वाळूच्या टेकडीवर. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, न्याहारीच्या आधी, कॅम्पच्या आसपास पायीच भटका. वाळूवर रात्रभरात कोण येऊन गेलं ते तेव्हाच दिसतं. भुंगेऱ्याच्या पायांची दुहेरी टाक्यांसारखी रेघ, कोल्ह्याचे ठसे, एखाद्या पालीच्या शेपटीची ओढलेली खूण. आठच्या सुमाराला वारा सुटला की हे सगळं पुसलं जातं.

सावलीसाठी घळ म्हणजे खझाली. डोंगराला पडलेली एक उभी फट, दोन माणसं शेजारी-शेजारी जेमतेम मावतील एवढी. आत थंडावा असतो आणि कधी पायाशी पावसाचं साठलेलं पाणी. डोळे अंधाराला सरावू द्या, मग भिंती बघा. हात पसरलेली माणसं, उंट आणि पावलांच्या जोड्या कोरलेल्या दिसतील, बोटांसकट. सोबत थमुदी लिपीतली अक्षरं आहेत. युनेस्कोच्या नोंदीनुसार या परिसरात 25 हजार कोरीव चित्रं आणि 20 हजार लेख आहेत आणि इथल्या मानवी वस्तीच्या खुणा 12 हजार वर्षं मागे जातात. अनफाशियेच्या कातळावर उंटांचा तांडाच्या तांडा कोरलेला आहे. वाटसरूंनी आपलं नाव, बापाचं नाव, आपला उंट असं काहीबाही कोरून ठेवलं आणि त्यातूनच या प्रदेशात लिहिणं-वाचणं किती दूरवर पोहोचलं होतं ते आज कळतं.

इथे एक कळकळीची गोष्ट. या प्राचीन अक्षरांशेजारी अलीकडची नावं आणि बदामही खरवडलेले दिसतात. आपल्या गडांच्या भिंतींवर जे घडतं तेच. हा दगड नखानेही ओरखडतो, म्हणून कोरलेल्या भागावर बोट फिरवू नका, खडूने किंवा पाण्याने तो उठावदार करून फोटो काढू नका. तिरप्या उन्हात रेषा आपोआप उठून दिसतात. घळीत असताना मोबाइलची बॅटरी भिंतीला समांतर धरली की तेच काम होतं.

घळीबाबत धोक्याचा इशाराही देतो. ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये आकाश भरलेलं असेल किंवा लांब कुठे वीज चमकत असेल, तर आत जाऊ नका. इथे माती नाही, उघड्या कातळावरून पाणी थेट घळीत उतरतं आणि तुमच्या डोक्यावर एक थेंब न पडताही लोंढा येऊ शकतो. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये जॉर्डनमध्ये अशाच पुरांनी माणसांचे बळी घेतले आणि पेट्रातून साडेतीन हजारांहून जास्त पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. ड्रायव्हर ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका.

कमानींमध्ये उम्म फ्रूथ ही सगळ्यांना जमण्याजोगी. जमिनीपासून पंधराएक मीटर उंचीवर दगडी पूल आहे आणि बाजूच्या कातळावरून वर चढता येतं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना चढ किरकोळ वाटेल, पण इथला दगड वेगळा वागतो. कोरडा असताना बुटाला तो फार छान पकड देतो, म्हणून पाऊल सपाट ठेवून, अंगाचा भार बुटावर टाकून चढावं. हाताने धरायच्या कंगोऱ्यांवर मात्र विसंबू नका. आत पोकळ झालेलं ते पातळ कवच असेल तर तुकडा हातात येतो. कंगोरा ओढू नका, खाली दाबून भार द्या. पाऊस पडून गेला असेल तर दगड कोरडा दिसला तरी आतून कमजोर असतो, तेव्हा दिवसभर थांबा. आणि चढण्याआधी उतरायची वाट बघून ठेवा. वाळूचे कण पसरलेल्या उतारावरून खाली येताना पाय सटकतात, अडचण तिथे येते.

बुर्दाहचा पूल हा वेगळा मामला. तो सुमारे 35 मीटर उंच आहे आणि तिथे जाण्यासाठी डोंगरच चढावा लागतो. शेवटी एक उघडा टप्पा आहे. वाटाड्या आणि दोर यांच्याशिवाय जाऊ नये. उंचीची भीती असणाऱ्यांनी खालूनच पाहावा, खालूनही तो देखणा आहे. नुसत्या पायपिटीची हौस असेल तर दक्षिणेला जेबेल उम्म अद-दामी आहे. 1,854 मीटर उंचीचं हे जॉर्डनचं सर्वोच्च शिखर. दगडांचे छोटे ढीग रचून वाट दाखवलेली आहे, चढायला दीड-दोन तास लागतात आणि माथ्यावरून एका बाजूला सौदी अरेबिया आणि हवा स्वच्छ असेल तर तांबडा समुद्र दिसतो. त्यासाठी दुसरी रात्र हवी.

वाळूच्या टेकड्यांकडे मी मुद्दाम शेवटी आलो. इथली मोठी लाल टेकडी कड्याला टेकून उभी आहे. वाऱ्याने उडवलेली वाळू कड्यापाशी अडते आणि साचत जाते. ही वाळू आसपासचे डोंगर झिजूनच झालेली आहे, प्रत्येक कणावर लोहाच्या गंजाचा बारीकसा थर आहे, म्हणून हा रंग. मूठभर वाळू तळहातावर घेऊन उन्हात बघा. कणांची टोकं गोल झालेली असतात, कारण वारा त्यांना सतत एकमेकांवर आपटत असतो.

कोरडी वाळू 34 अंशांच्या आसपासच्या उतारापेक्षा जास्त तीव्र उभी राहू शकत नाही. वाऱ्याच्या आडोशाची बाजू नेमकी त्या मर्यादेवर असते. तिथून चढायला गेलात तर प्रत्येक पावलाला निम्मं खाली याल आणि दहा मिनिटांत दम निघेल. वाऱ्याकडची बाजू मंद उताराची आणि घट्ट असते. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे वाळूवरच्या लाटा. त्या वाऱ्याच्या दिशेला आडव्या असतात. धारेवरून किंवा वाऱ्याकडच्या अंगाने, आधीच्या माणसाच्या पावलांत पाऊल टाकत, छोटी पावलं घेत चढा. दुपारी अनवाणी जाऊ नका, पाय भाजतात. सूर्य कलल्यावर बूट काढलेत तर वरचा थर कोमट आणि बोटं आत रुतवली की खाली गार लागेल. उतरताना मात्र तीव्र बाजूच घ्या. टाच आधी टाकत, लांब ढांगा टाकत खाली यायचं. पडलात तरी लागत नाही.

वारा असेल तर उडणारे कण बहुतांशी गुडघ्याच्या खाली राहतात. म्हणून कॅमेऱ्याची बॅग जमिनीवर ठेवू नका, लेन्स उघड्यावर बदलू नका, मोबाइल झिपच्या पिशवीत ठेवा. आणि ड्रायव्हरला सांगा की आधीच्या चाकोरीतूनच चला. वाळूत उगवणारी पांढऱ्या फुलांची रेतम झुडपं मुळांनी जमीन धरून ठेवतात. एका गाडीचं वेडंवाकडं वळण त्यांना पुरतं.

सामानात काय हवं? बंद बूट, जाकीट, टोपी, गॉगल, तोंडाला गुंडाळायला सुती उपरणं किंवा ओढणी, डोक्याला लावायची बॅटरी, पॉवर बँक आणि माणशी तीन-चार लिटर पाणी. मोकळे, अंगभर कपडे घाला. उन्हासाठीही ते बरे आणि बदू समाजाच्या रीतीलाही धरून. सकाळी बूट घालण्याआधी झटकून घ्या. विंचू इथे आहेत. ते आपणहून अंगावर येत नाहीत, पण बुटात शिरून बसतात.

रात्रीच्या जेवणाला ‘झर्ब’ असतं. वाळूत पुरलेल्या पिंपात निखारे, त्यावर जाळीचे मजले, त्यांत मांस, कोंबडी, बटाटे, कांदे, गाजरं. वर झाकण, मग कांबळं, मग वाळू. दोनेक तासांनी उकरून काढतात. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच कळवा, कारण भाज्या मांसासोबत त्याच पिंपात शिजतात. वेगळं सांगितलं की मसूर सूप, भात, हम्मस, वांग्याचं मुतब्बल, खुब्झ, दही आनंदाने देतात. नंतर चहा येतो, चांगला गोड, बहुधा सेजची पानं घातलेला. वेलची घातलेली कडू कॉफी छोट्या कपात येते, आणि तुम्ही कप नुसता परत दिलात तर तो पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर कप हातात किंचित हलवून द्या. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

जेवण झालं की कॅम्पच्या दिव्यांपासून शे-दीडशे पावलं दूर जा, बॅटरी बंद करा आणि वीस मिनिटं थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. मध्येच मोबाइल उघडलात तर पहिल्यापासून सुरुवात.

सहल एखाद्या कंपनीबरोबर करणार असाल, तर पैसे भरण्याआधी वादी रमचा मुक्काम कार्यक्रमात घालायला सांगा. गटातल्या चार-पाच जणांनी एकत्र मागणी केली की अकाबाची किंवा अम्मानची एक रात्र इकडे वळवणं त्यांना अवघड नसतं. तेही जमलं नाही, तर अकाबाच्या मोकळ्या दिवशी टॅक्सी करून स्वतः या, दुपारी तीनला पोहोचा आणि अंधार पडेपर्यंत थांबा.